मनोऱ्याच्या पायथ्याची पेटी

एखाद्या मोठ्या योजनेचे लोकार्पण होते, तेव्हा लोकांच्या नजरेत भरते ते तिचे दृश्य रूप. धरण म्हटले की भिंत दिसते. तिच्या पोटातल्या दारांची आठवण पूर आल्यावरच होते. दूरसंचाराचेही तसेच आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भारत संचार निगमच्या स्वदेशी फोर-जी यंत्रणेचे लोकार्पण झाले. ९७,५०० हून अधिक मनोरे आणि सुमारे ३७,००० कोटी रुपयांचा खर्च, हे आकडे घरोघरी पोहोचले. टाटा कन्सल्टन्सी, तेजस नेटवर्क्स आणि केंद्र सरकारची सी-डॉट ही संस्था यांनी मिळून ही यंत्रणा उभी केली, याचा सार्थ अभिमानही व्यक्त झाला. मात्र प्रत्येक मनोऱ्याच्या पायथ्याशी, बंद कपाटात बसवलेल्या एका छोट्या पेटीविषयी फारसे कोणी बोलले नाही. त्या पेटीचे नाव राउटर.

मनोरा हवेतून येणारे संदेश झेलतो, हे सर्वांना ठाऊक असते. झेललेले संदेश पुढे तालुक्याच्या केंद्राकडे, तेथून जिल्ह्याकडे आणि अखेर मुख्य जाळ्याकडे नेणारी जी वाट असते, तिला अभियंते ‘बॅकहॉल’ म्हणतात. ही वाट कधी जमिनीखालील प्रकाशतंतूंची असते, तर कधी एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे रोखलेल्या सूक्ष्मलहरींची. राउटर हा या वाटेवरचा द्वारपाल. कोणता संदेश आधी सोडायचा, कोणता थोपवायचा, एक वाट तुटली तर दुसरीने कसा न्यायचा, हे तो ठरवतो. त्याने मान टाकली, तर मनोरा उभा असतो, दिवे लागलेले असतात आणि तरीही गाव मुके झालेले असते.

या पेटीची निवड कशी होते? सरकारी निविदेत अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वात कमी, त्याला काम, हा दीर्घकाळचा प्रघात आहे. सतरंज्या किंवा टेबले घेताना तो चालून जातो. परंतु ज्या यंत्राचे काही गुण जन्मतःच असावे लागतात आणि मागाहून कोणत्याही किमतीला जोडता येत नाहीत, त्याच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो. राउटर हे अशाच यंत्रांपैकी एक आहे. म्हणून त्याच्या निवडीचा प्रश्न अभियंत्यांच्या खोलीपुरता न ठेवता सुजाण नागरिकांनीही समजून घेतला पाहिजे.

कचेरीतून रानावनात आलेले तंत्र

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि भारतात या सेवेचा प्रारंभ झाला. त्या काळी मनोऱ्यामागची वाट ‘ई-वन’ नावाच्या जोडणीची असे. सेकंदाला सुमारे २० लाख ४८ हजार बिट वाहून नेणारी ही जोडणी मुळात ३० दूरध्वनी संभाषणांसाठी आखलेली होती. बोलण्यापुरता व्यवहार असताना मनोऱ्याला अशा एक-दोन जोडण्या पुरत. पुढे चित्रे आली, चलच्चित्रे आली, आणि जोडण्यांची जुडी कितीही मोठी केली तरी ती अपुरी पडू लागली. प्रत्येक जोडणीचे भाडे मात्र वेगळे द्यावे लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ने केवळ फोर-जीवर आधारलेले जाळे देशभर खुले केले. त्यात माणसाचा आवाजसुद्धा विदेच्या पुडक्यांतूनच जातो. तेव्हापासून जुन्या वाटेचा काळ संपल्याचे सर्वांनाच कळून चुकले.

जुन्या वाटेची जागा घेतली ती इथरनेटने. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात हे तंत्र विकसित करण्यास आरंभ केला. एका इमारतीतील संगणक आणि छपाईयंत्रे एकमेकांना जोडणे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. जगभर कोट्यवधी संख्येने उत्पादन झाल्यामुळे ते स्वस्त झाले, आणि सेकंदाला तीस लाख बिटांपासून सुरू झालेली त्याची गती आज अब्जावधींत मोजली जाते. स्वस्त आणि वेगवान, मग आणखी काय हवे?

येथेच खरी मेख आहे. कचेरीत एखादा कागद क्षणभर उशिरा छापला गेला, तर कोणाचे बिघडत नाही. तेथे वातानुकूलन असते, वीज असते आणि बिघाड झाला तर शेजारच्या खोलीतून तंत्रज्ञ येतो. मनोऱ्याच्या पायथ्याशी यांतले काहीच नसते. कचेरीत जन्मलेले तंत्र रानात नेताना त्याला जे गुण मुद्दाम द्यावे लागतात, ते दिले आहेत की नाहीत, हे तपासणे म्हणजेच राउटरची निवड.

घड्याळ मागाहून बसवता येत नाही

पहिला आणि सर्वात दुर्लक्षित गुण म्हणजे वेळेचे भान. जुनी ई-वन जोडणी संदेशांबरोबर घड्याळाचा ठोकाही वाहून नेत असे, आणि मनोरा त्या ठोक्यावर आपली कंप्रता बेतत असे. साध्या इथरनेटमध्ये असा सामाईक ठोका नसतो. प्रत्येक यंत्र आपापल्या घड्याळावर चालते. त्या घड्याळात दहा लाखांत शंभर भागांपर्यंत चूक चालते, म्हणजे सुमारे पावणेतीन तासांत एक सेकंद. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याला मात्र अब्जांत पन्नास भागांहून अधिक चूक परवडत नाही, म्हणजे साडेसात महिन्यांत जेमतेम एक सेकंद. एकातली मुभा दुसऱ्याच्या दोन हजारपट आहे.

फाइव्ह-जीने ही अट आणखी कडक केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात सुरू झालेल्या या सेवेच्या प्रमुख पट्ट्यात बोलणे आणि ऐकणे एकाच कंप्रतेवर आळीपाळीने चालते. पाळी बदलण्याचा क्षण शेजारशेजारच्या मनोऱ्यांनी एकदमच साधावा लागतो. दिंडीत शेकडो टाळ एकाच क्षणी वाजतात तेव्हा नाद उमटतो. चार टाळकरी अर्ध्या मात्रेने चुकले तर गलबला होतो. मनोऱ्यांचे नेमके तसेच आहे. येथे मुभा आहे ती अवघ्या दीड मायक्रोसेकंदाची, ज्या अवधीत प्रकाशही पोकळीत साडेचारशे मीटरच जातो.

यावर दोन उपाय शास्त्राने शोधले. पहिला, इथरनेटच्या तारेतील संकेतामधूनच ठोका पुढे नेण्याचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ पासून त्याची मानके घालून दिली. दुसरा, पुडक्यांवर अचूक वेळेचा शिक्का मारून पाठवण्याचा. त्याचे मानक २००२ मध्ये आले आणि २००८ मध्ये सुधारले गेले. मात्र हा शिक्का पुडके पोर्टमधून बाहेर पडते त्याच क्षणी, यंत्राच्या अंगभूत मंडलानेच मारावा लागतो. मंडल नसलेल्या पेटीत मागाहून कोणतीही आज्ञावली भरली तरी ही अचूकता येत नाही.

त्यातही प्रती आहेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘अ’ वर्गाच्या राउटरला कायमस्वरूपी चुकीसाठी ५० नॅनोसेकंदांची मुभा आहे, ‘ब’ वर्गाला २० आणि ‘क’ वर्गाला १० नॅनोसेकंदांची. मुख्य घड्याळापासून मनोऱ्यापर्यंत दहा पेट्या लागल्या, तर ‘अ’ वर्गात पाचशे नॅनोसेकंदांपर्यंत चूक साचू शकते, ‘क’ वर्गात केवळ शंभर. जाळ्याच्या वाट्याला एकूण ११०० नॅनोसेकंद येतात, हे लक्षात घेतले की दुर्गम तालुक्यात, जेथे साखळी लांबच लांब असते, तेथे खरे तर उत्तम घड्याळ हवे, हे उघड होते. प्रत्यक्षात ‘आडगावाला साधी पेटी पुरे’ हा विचार प्रबळ ठरतो.

प्रत्येक मनोऱ्यावर उपग्रहाकडून वेळ घेणारा ग्राहक बसवावा, म्हणजे राउटरच्या घड्याळाची चिंता नको, असा युक्तिवाद केला जातो. तो निराधार नाही. अनेक ठिकाणी तसे केले जाते आणि ते चालतेही. तथापि, युक्रेनच्या युद्धात आणि पश्चिम आशियात उपग्रहांचे हे संकेत सर्रास बुजवले जातात, हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेच्या जीपीएसवर सर्वस्वी विसंबणे भारतासारख्या देशाला परवडणारे नाही. आपल्या ‘नाविक’ प्रणालीच्या पहिल्या उपग्रहातील परदेशी अणुघड्याळे निकामी झाली होती. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच स्वदेशी अणुघड्याळ बसवले गेले. आकाशातून वेळ घ्यावी, पण जमिनीवरची दुसरी वाटही सज्ज असावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

चंद्रपूरचा उन्हाळा, कोकणचा पावसाळा

दुसरा जन्मजात गुण म्हणजे हवामान सोसण्याची ताकद. चंद्रपूरमध्ये मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात जातो. उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाच्या आत तो आणखी चढतो. पंख्याने थंड होणारी पेटी अशा जागी धूळ ओढते, पंखा अडकतो आणि यंत्र बंद पडते. म्हणून पंख्याविना चालणारी, ६५ अंशांपर्यंत टिकणारी पेटी मागावी लागते. तिची किंमत कचेरीतल्या पेटीपेक्षा अधिक असणारच.

या बाबतीत आपल्याच देशाचा एक आदर्श समोर आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे दूरध्वनी केंद्र बनवले. १९८६ मध्ये, राणी चेन्नम्माच्या कित्तूरमध्ये असे पहिले केंद्र सुरू झाले. परदेशी केंद्रांना वातानुकूलित खोली लागे. हे केंद्र वातानुकूलनाविना, भारतीय उष्णतेत आणि धुळीत चालेल असेच आखले होते. अभियंत्यांनी आधी गाव पाहिले आणि मग यंत्र रेखले. देशातील हजारो खेड्यांना त्यामुळे दूरध्वनी मिळाला. हीच दृष्टी आज राउटरच्या निवडीत हवी.

विजेचा हिशेबही याच सदरात येतो. दोन पेट्यांच्या वापरात केवळ ५० वॅटचा फरक आहे असे धरले, तरी अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात तो वर्षाला ४३८ युनिटांचा होतो. अशा १३,००० पेट्या असतील तर वर्षाकाठी सुमारे ५७ लाख युनिटे. खरेदीच्या वेळी वाचवलेले पैसे वीजबिलातून निघून जातात, आणि वीज गेल्यावर विजेरीही लवकर संपते. पेटीचा दर निविदेत दिसतो, दहा वर्षांचे वीजबिल दिसत नाही.

पावसाळ्याचा प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. देशातील बहुसंख्य मनोरे प्रकाशतंतूने जोडावेत, हे प्रमाण ७० टक्क्यांवर न्यावे, असे उद्दिष्ट २०१९ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाने ठेवले होते. अजूनही असंख्य मनोरे सूक्ष्मलहरींवरच अवलंबून आहेत. मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात आणि वाटेची रुंदी आपोआप घटते. धरा, चारशेची शंभर होते. राउटरला ही घट कळली नाही, तर तो चारशेच्याच हिशेबाने माल पुढे ढकलत राहतो आणि अरुंद झालेल्या वाटेत काय गळून पडावे यावर कोणाचे नियंत्रण उरत नाही. मदतीसाठी केलेला दूरध्वनी आणि करमणुकीचे चित्रपट यांना एकच न्याय मिळतो. उलट, लहरींचे यंत्र ज्याला रुंदी बदलल्याची वर्दी देऊ शकते असा राउटर वेळेचे संकेत आणि आवाज आधी सोडतो, चित्रपट थांबवून ठेवतो. यासाठीचे मानक उपलब्ध आहे. निविदेत ते मागितले आहे का, एवढाच प्रश्न आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, वीज आणि भ्रमणध्वनी दोन्ही बंद पडले, तेव्हा माणसे छपरांवर अडकलेली असताना संपर्क तुटणे म्हणजे काय, हे कोकणाने अनुभवले आहे.

रेषा नको, वर्तुळ हवे

तिसरा गुण क्षमतेचा. तीन दिशांना तोंड असलेल्या मनोऱ्याची तिन्ही तोंडे एकाच वेळी कमाल वेगाने बोलत नाहीत. म्हणून एका तोंडाचा कमाल वेग किंवा तिन्हींच्या गर्दीच्या वेळच्या सरासरीची बेरीज, यांपैकी जे मोठे असेल ते धरून वाट आखण्याची रीत आहे. हा हिशेब आजचा झाला. पेटी मात्र आठ-दहा वर्षे राहते. फोर-जीपुरती सेकंदाला एक अब्ज बिटांची पोर्ट घेतली, तर फाइव्ह-जी आल्यावर सारे कपाट पुन्हा उघडावे लागते. दहा अब्जांच्या पोर्ट आजच घेतल्या, तर वाढीव खर्च होतो खरा, पण तो एकदाच.

क्षमतेइतकीच महत्त्वाची आहे जाळ्याची रचना. गावामागून गाव एका रेषेत जोडले, तर रस्त्याच्या कामात एका ठिकाणी तंतू तुटताच पुढची सारी गावे अंधारात जातात. तीच गावे वर्तुळात जोडली, तर एका बाजूने वाट तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश फिरतो. हा पालट सेकंदाच्या विसाव्या भागात, बोलणाऱ्याला कळूही न देता व्हावा अशी अपेक्षा असते. त्यासाठी पेटीला वर्तुळ समजले पाहिजे आणि बिघाड कोठे आहे हे तिने दुरूनच सांगितले पाहिजे. आरंभीच्या इथरनेटमध्ये ही सोय नव्हती. २००६-०७ च्या सुमारास तिची मानके आली. गडचिरोलीच्या जंगलात तंत्रज्ञ पाठवण्यात एक दिवस मोडतो, तेथे या एका सोयीचे मोल पेटीच्या किमतीहून अधिक आहे.

भारतनेटचा अनुभव येथे बोलका आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेला, परंतु अनेक ठिकाणी जोडणी रेषेसारखी होती आणि तुटलेला तंतू पडून राहत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित योजनेस १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. तीत सुमारे २ लाख ६४ हजार ग्रामपंचायतींना वर्तुळाकार रचनेने जोडणे, आणि तालुका व ग्रामपंचायत स्तरावर राउटर बसवणे यांचा स्पष्ट समावेश आहे. धोरण योग्य दिशेने वळले. आता त्या लक्षावधी पेट्या कोणत्या कसोटीवर निवडल्या जातात, यावर या धोरणाचे यश ठरेल.

विश्वासाची कसोटी

जून २०२० मध्ये गलवान येथे भारतीय जवानांनी बलिदान केले. त्यानंतर दोन आठवड्यांतच भारत संचार निगमने फोर-जीसाठी काढलेली निविदा रद्द झाली, कारण चिनी साहित्याला दार बंद करण्याचा निर्णय झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने दूरसंचार क्षेत्रासाठी निर्देश मंजूर केला आणि १५ जून २०२१ पासून नवे साहित्य केवळ विश्वसनीय स्रोतांकडूनच घेण्याचे बंधन आले. ब्रिटनने २०२७ अखेरपर्यंत आपल्या फाइव्ह-जी जाळ्यातून हुआवेची सामग्री काढून टाकण्याचे ठरवले. अमेरिकेने ग्रामीण कंपन्यांची चिनी यंत्रे उखडण्यासाठी आधी १.९ अब्ज डॉलर दिले, ते अपुरे पडले म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आणखी सुमारे तीन अब्जांची तरतूद केली. स्वस्त म्हणून घेतलेली पेटी अखेर किती महाग पडते, याचे याहून ठळक उदाहरण कोणते?

परंतु चिनी यंत्र काढले की जाळे सुरक्षित झाले, ही समजूत भाबडी आहे. २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘सॉल्ट टायफून’ प्रकरणात चिनी घुसखोरांनी अमेरिकेच्या बड्या दूरसंचार कंपन्यांमध्ये शिरकाव केला, आणि तो अमेरिकी बनावटीच्या राउटरांतूनही केला. त्या राउटरांची निर्माती असलेल्या सिस्को कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले की, बहुतेक ठिकाणी चोरलेल्या वैध परवलीचे शब्द वापरले गेले, आणि एका ठिकाणी २०१८ मध्येच उघड झालेली त्रुटी वापरल्याचा पुरावा मिळाला. ती त्रुटी दूर करण्याचा उपाय वर्षानुवर्षे उपलब्ध होता; तो योजण्याची दक्षता घेतली गेली नव्हती. म्हणजे पेटी कोणत्या देशाची, हा पहिला प्रश्न असला तरी तो शेवटचा नव्हे. निर्माता किती वर्षे आज्ञावलीची दुरुस्ती पुरवणार, ती हजारो पेट्यांत दुरूनच भरता येणार का, आणि किल्ल्या कोणाच्या हाती राहणार, हे प्रश्न करारातच मिटवले पाहिजेत.

कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या कंपनीच्या जाळ्यात राउटरच्या मांडणीत बदल करताना एक चूक झाली. एक कोटीहून अधिक ग्राहकांची सेवा कोलमडली, दुकानांतील कार्डाचे व्यवहार थांबले, अनेकांना आपत्कालीन क्रमांकही लागेना. दुरुस्तीसाठी यंत्रांपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच कोसळलेल्या जाळ्यातून जात असल्याने अभियंतेच बाहेर अडकले. तिथली बिघडलेली यंत्रे मुख्य जाळ्यातील होती, मनोऱ्याच्या पायथ्याची नव्हेत. पण धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे. पेटीला नियंत्रणासाठी वेगळे दार हवे, आणि ते दार वेगळ्या वाटेवर उघडायला हवे.

स्वदेशी म्हणजे केवळ शिक्का नव्हे

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी एक कटू सत्य स्वीकारले पाहिजे. २०२० मध्ये निविदा रद्द झाली आणि स्वदेशी फोर-जी २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. मधल्या पाच वर्षांत खाजगी कंपन्या फाइव्ह-जीपर्यंत पोहोचल्या आणि निगमचा ग्राहक ताटकळत राहिला. निर्णय योग्य होता. पूर्वतयारी नव्हती, म्हणून किंमत मोजावी लागली. सैन्याला तोफ लागते त्या दिवशी तोफखान्याचा कारखाना उभारता येत नाही, तसेच हे आहे.

तथापि, या वाटचालीतून जे उभे राहिले ते मोलाचे आहे. २००० मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या आणि २०२१ मध्ये टाटा समूहाने ताब्यात घेतलेल्या तेजस नेटवर्क्सला २०२३ मध्ये निगमच्या देशव्यापी बॅकहॉल जाळ्यासाठी १३,००० हून अधिक राउटर पुरवण्याचे सुमारे ६९६ कोटी रुपयांचे काम मिळाले. भारतात रेखलेली पेटी भारताच्या मनोऱ्यांमागे बसणार, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी स्वप्नवत वाटली असती.

पण स्वदेशी म्हणजे कसोटीतून सूट, असा अर्थ कोणी काढू नये. घड्याळाची प्रत, उष्णता, विजेचा वापर, पावसातले वर्तन, दुरुस्तीची हमी, या साऱ्या कसोट्या देशी पेटीलाही तितक्याच कठोरपणे लावल्या पाहिजेत. सवलतीवर वाढलेला उद्योग परदेशी बाजारात उभा राहत नाही. कसोटीतून तावून सुलाखून निघालेला राहतो. आतली कळीची चिप अनेकदा परदेशीच असते, हेही लपवण्यात अर्थ नाही. रेखाटन आपले, आज्ञावली आपली, जुळणी आपली आणि उद्या चिपही आपली, अशी ही पायऱ्यापायऱ्यांची चढण आहे. एकेका पायरीवर आपण कोठे आहोत, ते खरेपणाने सांगितले गेले पाहिजे.

त्यासाठी निवडीची पद्धत बदलावी लागेल. खरेदीच्या दराऐवजी दहा वर्षांचा एकूण खर्च, म्हणजे वीज, देखभाल, फेऱ्या आणि दुरुस्ती धरून तुलना व्हावी. घड्याळ, उष्णता आणि पोर्टची गती या मागाहून न जोडता येणाऱ्या गुणांत तडजोड नसावी. आज्ञावलीने वाढवता येणाऱ्या सोयींची मुदत करारात बांधावी. एका कंपनीची पेटी दुसरीच्या पेटीशी प्रत्यक्ष बोलते की नाही, हे कागदावर न पाहता प्रयोगशाळेत पाहावे. आणि अंतिम परीक्षा दिल्लीच्या वातानुकूलित दालनात न घेता मे महिन्यात चंद्रपूरला आणि जुलैत कोकणात घ्यावी. सुधारित भारतनेटमध्ये बांधणीबरोबर दहा वर्षांची देखभालही कंत्राटदाराकडेच सोपवली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. कच्ची पेटी बसवणाऱ्यालाच तिची भरपाई सोसावी लागेल.

नागरिकाच्या हाती यात काय आहे? तंत्राचा तपशील प्रत्येकाला कळणार नाही आणि कळण्याची गरजही नाही. परंतु गावातला कार्यकर्ता, ग्रामपंचायतीचा सदस्य, तालुक्याच्या ठिकाणचा शिक्षक, यांना तीन साधे प्रश्न विचारता येतात. आपल्या गावाची जोडणी रेषेत आहे की वर्तुळात? वीज गेल्यावर मनोरा आणि त्यामागची पेटी किती तास चालते? बिघाड झाल्याचे केंद्राला आपोआप कळते, की कोणी तक्रार केल्यावर? या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत मागितली जाऊ लागली, की ती निविदेच्या अटींपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही.

गडकिल्ल्यांच्या काळात किल्ल्याचा बुरूज सर्वांना दिसे. किल्ला मात्र टिके तो पाण्याच्या टाक्यावर, धान्याच्या कोठारावर आणि चोरदरवाजाच्या पहाऱ्यावर. आजच्या दूरसंचाराच्या गडावर बुरूज भरपूर उभे राहिले आहेत. कोठारे आणि पहारे तितक्याच काळजीने निवडण्याची वेळ आली आहे.